सांकी : रशियातील मुलांच्या घसरगाडीचा इतिहास

#धागा #इतिहास

१/ हिवाळ्यात मॉस्को किंवा सेंट पीटर्सबर्गच्या पदपथांवर एक वाहन हमखास दिसते. वरचा भाग बाबागाडीसारखा : बैठक, पट्टा, टप आणि मागे ढकलण्यासाठी दांडी. खाली मात्र चाकांच्या जागी दोन लांब धातूच्या पट्ट्या. आत दीड-दोन वर्षांचे मूल उबदार पिशवीत गळ्यापर्यंत गुंडाळून बसवलेले. रशियन भाषेत या वाहनाला ‘सांकी-कल्यास्का’ म्हणतात. म्हणजे घसरगाडी आणि बाबागाडी यांचा मिलाफ. आजच्या धाग्यात या साध्या वाहनाच्या पूर्वजांची कथा पाहू. तिची काही पाने खेळाची आहेत, काही कष्टाची. आणि एक पान १९४१-४२च्या लेनिनग्राडचे आहे.

२/ आधी शब्द समजून घेऊ. ‘सानी’ म्हणजे घोड्याने ओढायची मोठी घसरगाडी, आणि ‘सांकी’ हे तिचे लघुत्ववाचक रूप. आपल्याकडे ‘गाडा’ आणि ‘गाडी’ यांत जसा आकाराचा फरक आहे, तसाच काहीसा. पुढे ‘सांकी’ हा शब्द विशेषतः माणसाने हाताने ओढायच्या लहान घसरगाडीसाठी, आणि त्यातही मुलांच्या गाडीसाठी रूढ झाला.

३/ बर्फात चाक का चालत नाही? चाकाचा जमिनीशी संपर्क अगदी थोड्या जागेत होतो. सारा भार तेवढ्यावरच येतो आणि चाक भुसभुशीत बर्फात रुतते. लांब पट्टी तोच भार मोठ्या क्षेत्रावर पसरवते, म्हणून ती वर राहते. शिवाय पट्टी आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा अतिशय पातळ थर निर्माण होऊन घर्षण कमी होते. थंडी फारच कडक झाली की हा थर नीट तयार होत नाही आणि बर्फ वाळूसारखा अडवू लागतो. हा मुद्दा ध्यानात ठेवावा; पुढे तो लागणार आहे.

४/ उत्तर युरोपात घसरगाडी चाकापेक्षा जुनी आहे. फिनलंडमधील हेइनोला येथे सापडलेली लाकडी पट्टी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. रशियाच्या लिखित इतिहासातही घसरगाडी फार लवकर येते. किएव्हच्या आद्य बखरीत राणी ओल्गा हिच्याविषयी ९४७ सालच्या नोंदीत सांगितले आहे, की तिची घसरगाडी प्स्कोव्ह नगरात अजूनही जपून ठेवलेली आहे.

५/ याच बखरीतील १०१५ सालची नोंद अधिक विचार करायला लावते. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात राजा व्लादिमीर मरण पावला, आणि त्याचे शव घसरगाडीवर ठेवून चर्चमध्ये नेण्यात आले. ऐन उन्हाळ्यात, बर्फाचा कण नसताना! जुन्या रशियात घसरगाडी हे अंत्यविधीचे वाहन होते. ऋतूशी त्याचा संबंध नव्हता. पुढे बाराव्या शतकाच्या प्रारंभी राजा व्लादिमीर मोनोमाख याने आपल्या मुलांसाठी उपदेशपर लेखन केले, तेव्हा आपण आता ‘घसरगाडीवर बसलो’ आहोत, अशा शब्दांत त्याने मृत्यू जवळ आल्याचे सुचवले. आपण ‘नदीकाठी गोवऱ्या गेल्या’ म्हणतो, त्याच्या जवळ जाणारा हा वाक्प्रचार.

६/ सामान्य लोकांसाठी मात्र घसरगाडी ही रोजची गरज होती. लाकूडफाटा, धान्य, पाणी, आजारी माणूस, नवरी मुलगी : हिवाळ्यात सारे तिच्यावरूनच जाई. मुलांची सांकी ही याच गाडीची छोटी प्रतिकृती. वसंताच्या तोंडावर येणाऱ्या मास्लेनित्सा या सणात बर्फाचे कृत्रिम उतार रचून त्यांवरून घसरण्याचा खेळ चाले. फ्रेंच भाषेत जत्रेतल्या चढउतारांच्या वेगवान गाडीला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात, ते या खेळामुळेच. प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी पुस्तके वाचून आपल्याकडे जी पिढी वाढली, तिला रशियन हिवाळ्याचे हे आनंदी रूप परिचित आहे.

७/ परंतु मूल आणि घसरगाडी यांचे दुसरेही एक नाते होते. मूल नेहमी गाडीवर बसलेलेच असे, असे नव्हे. पुष्कळदा ते गाडी ओढत असे.

८/ वासिली पेरोव्ह या चित्रकाराने १८६६ साली ‘त्रोइका’ हे चित्र रंगवले. ते आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहालयात आहे. त्रोइका म्हणजे तीन घोड्यांची डौलदार गाडी, रशियन वैभवाचे आणि वेगाचे प्रतीक. पेरोव्हच्या चित्रात घोड्यांच्या जागी तीन मुले आहेत. कारागिराकडे शिकाऊ म्हणून ठेवलेली ही मुले मठाच्या भिंतीलगतच्या बर्फाळ रस्त्यावरून पाण्याचे भलेमोठे पिंप घसरगाडीवर ओढत आहेत. पिंपावरून ओघळलेले पाणी गोठले आहे. शेजारी एक कुत्रे धावते आहे.

९/ या चित्रामागची हकीकत पेरोव्हने स्वतः लिहून ठेवली आहे. मधल्या मुलासाठी त्याला मनासारखा चेहरा मिळत नव्हता. अखेर मॉस्कोच्या वेशीवर मार्या नावाची एक खेडूत स्त्री आणि तिचा मुलगा वास्या त्याला भेटले. तिला समजावून त्याने मुलाचे चित्र काढले. काही वर्षांनी ती स्त्री एकटीच परत आली. वास्या देवीच्या साथीत दगावला होता. होते नव्हते ते विकून, साठवलेले पैसे घेऊन ती ‘मुलाचे चित्र’ विकत घ्यायला आली होती. चित्र तर आधीच त्रेत्याकोव्हच्या संग्रहात गेले होते. पेरोव्ह तिला तेथे घेऊन गेला. ती चित्रासमोर गुडघे टेकून बराच वेळ प्रार्थना करत राहिली. पुढे पेरोव्हने वास्याचे स्वतंत्र चित्र काढून तिच्या गावी पाठवले.

१०/ १८६१ साली रशियात भूदासप्रथा रद्द झाली होती, पण शिकाऊ मुलांच्या कष्टांना त्याने फारसा फरक पडला नाही. बारा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घालणारा कायदा १८८२ साली आला, तोही कारखान्यांपुरता. चित्रातील मुले ज्या छोट्या कारागिरांकडे राबत होती, ती दुकाने त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. थोडक्यात, एखादा समाज आपल्या मुलांना कसे वागवतो हे जाणून घ्यायचे असेल, तर गाडीवर कोण बसले आहे आणि दोरी कोणाच्या खांद्यावर आहे, हे पाहावे.

११/ आता लेनिनग्राड. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने श्लिसेलबुर्ग घेतले आणि शहराचा उर्वरित देशाशी असलेला जमिनीवरचा संपर्क तुटला. त्या वेळी शहरात सुमारे २५ लाख लोक होते. त्यांत सुमारे चार लाख मुले होती. वेढा पूर्णपणे उठला तो २७ जानेवारी १९४४ रोजी, म्हणजे ८७२ दिवसांनी. मात्र मृत्यूचे थैमान सर्वाधिक होते ते पहिल्या हिवाळ्यात.

१२/ २० नोव्हेंबर १९४१पासून पावाचे शिधाप्रमाण नीचांकाला गेले : कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम, कचेरीतील नोकरदार, अवलंबून असलेली माणसे आणि मुले यांना १२५ ग्रॅम. त्या पावातही भेसळ भरपूर. २५ डिसेंबरला त्यात थोडी वाढ झाली, पण तोवर शरीरे खचली होती. इंधन संपले, वीज गेली, डिसेंबरात प्रवासी ट्राम थांबल्या. नळ गोठले. पारा उणे ३० अंशांच्या आसपास उतरू लागला. रस्त्यांवर साचलेला बर्फ हटवण्याची ताकद कोणातच उरली नव्हती.

१३/ चाकांचे सारे निरुपयोगी झाले तेव्हा उरली ती सांकी. घरोघरी मुलांच्या खेळण्यासाठी घेतलेल्या, अरुंद, रंगवलेल्या घसरगाड्या माळ्यांवरून, जिन्याखालून बाहेर निघाल्या. त्यांच्यावर बादल्या आणि पातेली ठेवून लोक नेवा नदीवर, फोन्तांका नदीवर जात. बर्फात पाडलेल्या छिद्रातून पाणी भरून आणत. मोडलेल्या घरांचे लाकूड तिच्यावरूनच येई. चालता न येणारा बाप तिच्यावर बसे आणि लेकरे त्याला दवाखान्यापर्यंत ओढत नेत. पेरोव्हच्या चित्रानंतर ७५ वर्षांनी, मुले पुन्हा बर्फातून पाणी ओढत होती. या वेळी कोणी मालक नव्हता. घरातल्या माणसांना जगवण्याची धडपड होती.

१४/ आणि मृतदेह. शवपेट्यांना लाकूड नव्हते, खणायला माणसे नव्हती. घरचे लोक आपला माणूस चादरीत किंवा पडद्यात शिवून, दोरीने बांधून सांकीवर ठेवत आणि दफनभूमीकडे ओढू लागत. सांकी लहान, देह मोठा. असे गुंडाळलेल्या देहांना शहराने एक शब्द दिला : ‘पेलेनाश्की’. रशियनमध्ये बाळाला दुपट्यात गुंडाळण्याची जी क्रिया आहे, तिच्यापासून हा शब्द बनला. बाळाची गाडी, बाळाच्या दुपट्याचा शब्द आणि वर मृत माणूस. वेढ्यातील लेनिनग्राडविषयी आकडे पुष्कळ सांगता येतील. पण त्या आकड्यांमागचे जगणे या एका शब्दात उतरले आहे.

१५/ कवयित्री ओल्गा बेर्गगोल्त्स वेढ्याच्या काळात लेनिनग्राड आकाशवाणीवरून बोलत असे. जानेवारी १९४२मध्ये तिचा पती मरण पावला. त्यानंतरच्या काही दिवसांत तिने ‘फेब्रुवारीची रोजनिशी’ ही दीर्घ कविता लिहिली. तीत नेव्स्की या प्रमुख रस्त्यावरून करकरत जाणाऱ्या मुलांच्या घसरगाड्या आहेत. वर सांगितलेला थंडीचा मुद्दा येथे आठवावा : कडाक्याच्या थंडीत पट्टी सहज घसरत नाही, ती करकरते. ज्यांच्या अंगात त्राण नव्हते त्यांना गाडी ओढायची होती, तीही बर्फ सर्वांत जास्त अडवत असताना.

१६/ या सांकीने माणसे वाचवलीही. लादोगा सरोवर गोठल्यावर त्याच्यावरून मार्ग काढण्यात आला. नोव्हेंबर १९४१मध्ये बर्फाचा थर मोटारींना पेलण्याइतका जाड होण्यापूर्वी पहिली रसद नेली ती घोड्यांच्या घसरगाड्यांनी. जानेवारी ते एप्रिल १९४२ या काळात याच मार्गाने पाच लाखांहून अधिक लोकांना शहराबाहेर काढण्यात आले. त्यांपैकी कितीतरी आया लहान मूल आणि गाठोडे सांकीवर बांधून, पायी ओढत रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचल्या होत्या. मार्चअखेरीस उरलेल्यांनी रस्ते साफ करायला घेतले. बर्फ आणि घाण वाहून न्यायलाही सांक्या होत्याच. १५ एप्रिलला प्रवासी ट्राम पुन्हा धावली.

१७/ येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. १०१५ची अंत्ययात्रा आणि १९४२च्या सांक्या यांना जोडून ‘प्राचीन परंपरा पुन्हा अवतरली’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. पहिला होता राजाचा सन्मानविधी. दुसरी होती उपासमारीने लादलेली अगतिकता. लेनिनग्राडची उपासमार ही निसर्गाची आपत्ती नव्हती. शहराला उपाशी मारणे हे वेढा घालणाऱ्यांचे धोरण होते. वस्तू तीच असली तरी तिचा अर्थ परिस्थिती ठरवते.

१८/ या स्मृती टिकवणेही सोपे नव्हते. लेनिनग्राडच्या संरक्षणाचे संग्रहालय १९४६ साली सुरू झाले, पण स्तालिनच्या काळातील राजकीय शुद्धीकरणात १९४९ साली बंद पडले. ते पुन्हा उघडले १९८९ साली. आलेस आदामोविच आणि दानील ग्रानिन यांनी वाचलेल्यांच्या मुलाखती आणि रोजनिशा गोळा करून ‘वेढ्याचे पुस्तक’ सिद्ध केले. १९७७ साली त्याचा काही भाग कात्री लावून मॉस्कोच्या मासिकात आला. खुद्द लेनिनग्राडमध्ये ते प्रसिद्ध व्हायला १९८४ साल उजाडले. अधिकृत इतिहासाला वीरगाथा हवी होती. लोकांच्या आठवणींत मात्र दोरी, पातेले आणि पट्ट्यांची करकर होती.

१९/ पुन्हा आजच्या गाडीकडे येऊ. जुन्या सांकीला पुढे दोरी असे. त्यात एक मोठी उणीव होती : ओढणाऱ्याची पाठ मुलाकडे. मूल कलंडले, हातमोजा पडला, तरी लगेच कळत नसे. मागून ढकलायची दांडी आली आणि मूल नजरेसमोर राहू लागले. उत्तर स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या, पायाने रेटा देऊन चालवायच्या घसरगाडीतही बैठक पुढेच असते. टप आणि जाड पिशवी यांचेही कारण आहे. ढकलणारा चालून गरम होतो. मूल निश्चल बसते आणि जमिनीलगतची थंडी सोसते.

२०/ आणि एक शेवटचा तपशील. आजच्या सांकी-कल्यास्काला पट्ट्यांच्या जोडीने लहान चाकेही असतात. कारण आता रस्त्यांवरचा बर्फ हटवला जातो, वाळू आणि मीठ टाकले जाते. उघड्या डांबरावर पट्ट्या घासतात, तेव्हा चाके खाली घ्यावी लागतात. ही चाके म्हणजे शहर जिवंत असल्याची, कोणीतरी पहाटे उठून रस्ता साफ केल्याची खूण आहे. १९४२च्या जानेवारीत तसे करायला कोणीही उरले नव्हते.

२१/ सेंट पीटर्सबर्गच्या पिस्कार्योव्ह स्मारक दफनभूमीत वेढ्यातील सुमारे पाच लाख माणसे सामूहिक थडग्यांत विसावली आहेत. त्यांतल्या अनेकांचा शेवटचा प्रवास मुलांच्या घसरगाडीवरून झाला. त्याच शहरात आज एखादी आई सांकी-कल्यास्का ढकलत बाजारात निघते, आत मूल झोपलेले असते आणि त्याला काहीही ओढावे लागत नाही. ही साधी गोष्ट तिथवर पोहोचायला बराच इतिहास जावा लागला.

धागा समाप्त. प्रश्न, शंका, पूरक माहिती असल्यास अवश्य लिहा, चर्चा करू.