अक्षरे, आकडे आणि गोल्फचा दांडा

अक्षर म्हणजे जे ढळत नाही ते, अशी आपली जुनी व्युत्पत्ती. गोल्फच्या काठ्या हौसेने घरी जोडणाऱ्या अमेरिकन माणसाला ती ऐकवली तर तो हसेल. काठीच्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, छापलेली ‘एल’, ‘ए’, ‘आर’, ‘एस’, ‘एक्स’ ही अक्षरे लवचीकपणाकडून ताठपणाकडे जाणारा क्रम सांगतात. पण ‘आर’ कुठे संपतो आणि ‘एस’ कुठे सुरू होतो, हे ठरवणारे सर्वमान्य प्रमाण या उद्योगात कधी अस्तित्वात आलेच नाही. एका कारखान्याचा ‘एस’ दुसऱ्याच्या ‘आर’पेक्षा मऊ निघू शकतो. गॅरेजमधल्या मोजमापाचे मूळ या अविश्वासात आहे.

पूर्वी दांडे हिकरीच्या लाकडाचे असत. कारागीर दांडा तासून, घासून, हाताने वाकवून पाही. भरीव गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. व्यास ५ टक्के घटला तर ताठपणा सुमारे १९ टक्के उतरतो. हे सूत्र त्या कारागिराने वाचलेले नसेल, पण किती तासले की काय होते हे त्याच्या मनगटाला कळे. पोलादी दांड्यांना अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या संस्थेने १९२९ मध्ये मान्यता दिली. १९३० साली बॉबी जोन्सने एकाच वर्षात चार मोठी अजिंक्यपदे मिळवली ती हिकरीनेच. पुढच्याच वर्षी बिली बर्कने अमेरिकन ओपन जिंकली ती पोलादाने. मनगटाचे काम मग कारखान्याच्या छापाकडे गेले.

जोन्सच्या काठ्यांविषयी या मंडळींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. त्याने केवळ हाताच्या अंदाजाने निवडलेला संच पुढे यंत्रावर तपासला, तेव्हा सगळ्या काठ्या एका क्रमात बसल्या. बिनसली ती एकच, आणि नेमकी तीच त्याला कायम त्रास देत असे. दंतकथेचा अंश यात असेलही. मला ती महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणाने: तिच्यात यंत्र हाताची परीक्षा घेत नाही, हातच यंत्राची घेतो.

मोजण्याची सोपी रीत फळीची. दांड्याची मूठ घट्ट पकडायची, टोकाला ठरावीक वजन टांगायचे आणि टोक किती खाली येते ते फळीवरच्या रेघांवर वाचायचे. १९७० च्या दशकात जोसेफ ब्रेली यांनी कंपनसंख्येवरून दांडे जुळवण्याची पद्धत पुढे आणली. व्हाइसमध्ये पकडलेल्या दांड्याचे वजनदार टोक ओढून सोडले की तो झुलतो. मिनिटाला किती झोके, तो त्याचा आकडा. ड्रायव्हरचा आकडा २५० च्या आसपास असतो. काठी आखूड होत जाते तसा तो चढतो, आणि जुळलेल्या संचात तो चढ समान असावा लागतो.

परंतु आकडाही अक्षराइतकाच फसवा ठरू शकतो. मूठ पाच इंच पकडली की सात, टोकाला वजन किती, व्हाइसचा जबडा किती घट्ट, यांवर तो हलतो. शिवाय मुठीशी पकडलेल्या दांड्याचा आकडा मुख्यतः मुठीकडच्या भागाचा ताठपणा सांगतो. टोकाकडचा भाग त्यात जवळजवळ दडून राहतो. आकडे सारखे असलेले दोन दांडे म्हणूनच हातात वेगळे लागतात. मग पकड टोकाच्या दिशेने सरकवत चार-पाच ठिकाणी मोजणे आले, त्याचे आलेख आले. एका अक्षराच्या जागी एक वक्ररेषा!

दोन गॅरेजांतले आकडे तरीही सरळ जुळत नाहीत. त्यासाठी जाणता हौशी एक साधा, जुना दांडा कधीच काठीला न जोडता बाजूला ठेवतो. काही मोजण्यापूर्वी तो आधी त्यालाच व्हाइसमध्ये धरतो, आणि मागच्या वेळचा आकडा परत आला तरच नवा दांडा हातात घेतो.