परळची प्रयोगशाळा आणि शिकलेले हात

शास्त्रांच्या इतिहासात शोधकांची नावे राहतात; त्यांच्या हाताखाली राबणाऱ्यांची राहत नाहीत. जगाची रीतच अशी आहे, आणि पुष्कळ शास्त्रांच्या बाबतीत तीमुळे फारसे बिघडतही नाही. गणिती आपल्या कागदाशी एकटा बसू शकतो. ज्योतिर्विद एकटाच आकाश न्याहाळू शकतो. परंतु जीवशास्त्राचा विषय जेव्हा माणसाच्या देहापर्यंत येऊन पोहोचतो, तेव्हा एकट्याच्या बुद्धीने काहीच सिद्धीस जात नाही. लस करावयाची म्हटली म्हणजे ती शिजविणारा, तपासणारा, बाटलीत भरणारा, बूच उघडणारा आणि टोचणारा असे अनेक हात एकामागून एक यावे लागतात. आणि त्यांपैकी एकही हात अशिक्षित राहिला, तर बाकीच्यांची विद्या व्यर्थ होते. हे नुसते तत्त्वज्ञान नव्हे. मुंबईत परळ येथे जी प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्या आरंभीच्या दहा वर्षांतच हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला.

ह्या प्रयोगशाळेचे जनक वाल्डेमार हाफकीन हे वैद्य नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. इ. स. 1860 मध्ये रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेथील विद्यापीठात प्राणिशास्त्र हा त्यांचा विषय होता व मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू होते. ज्यू असल्यामुळे स्वदेशात अध्यापकाची वाट त्यांस मोकळी नव्हती. पुढे ते पॅरिस येथील पाश्चर संस्थेत आले, ते ग्रंथपालाच्या जागेवर. दिवसा पुस्तके सांभाळावी व उरलेल्या वेळी जंतूंचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता. 1892 साली त्यांनी पटकीची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि 1893 साली ते हिंदुस्थानात आले. म्हणजे ज्यास आपण आज जीवशास्त्रातील व्यवसाय म्हणतो, त्याचे शिक्षण ह्या गृहस्थाने पदवीपेक्षा प्रयोगाच्या टेबलापाशी घेतले होते.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकट झाला. डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि ऑक्टोबरात हाफकीन यांस मुंबईस बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस थोडीशी जागा मिळाली. दिमतीस एक कारकून व तीन शिपाई! आशियातील एका महानगराचे प्राण वाचविण्याची सामग्री ती एवढीच.

त्यांची पद्धत वाचकांस मनोरंजक वाटेल. बकऱ्याच्या मांसाचे सत्त्व काढून ते काचेच्या चंबूत ठेवावयाचे व त्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडावयाचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या अंगास चिकटून, गुहेच्या छतास चुनखडीचे सुळके लोंबावेत त्याप्रमाणे खाली वाढत जातात. चंबू हलविला की ते तळाशी बसतात आणि पुन्हा नवे सुळके धरतात. असे काही आठवडे चालल्यावर उष्णतेने जंतू मारावयाचे व थोडे कार्बोलिक मिसळावयाचे. ह्या कृतीत मोठी मख्खी अशी की, चंबूत परका जंतू शिरल्यास त्या सुळक्यांचे रूप बिघडते. परंतु ते बिघडलेले रूप ओळखणारा डोळा हवा! तो बाजारात विकत मिळत नाही. तो शेकडो चंबू पाहून घडवावा लागतो.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकीन यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला व ती उपयुक्त ठरली. ते दिवस कसे होते हे महाराष्ट्रास सांगावयास नको. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने लोक संतप्त झाले होते व त्याच वर्षीच्या जूनमध्ये रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. अशा वातावरणात आगाखान यांच्यासारख्यांनी स्वतः टोचून घेऊन आपल्या अनुयायांस धीर दिला, आणि लशीवरील विश्वास हळूहळू वाढला. प्रयोगशाळेने काही वेळा बिऱ्हाड बदलले, आणि 10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये तिची रीतसर स्थापना झाली.

यानंतर मागणी एकाएकी वाढली. 1902 साली पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर टोचणीची मोहीम काढली. थोड्या काळात फार लस हवी, म्हणून परळास उत्पादनाची रीत बदलण्यात आली. नव्या रीतीत कार्बोलिक वगळले होते. त्या वर्षीच्या 30 ऑक्टोबरास पंजाबातील मुलकोवाल या गावी 107 माणसांस लस टोचली. त्यांपैकी 19 जणांस एकाच बाटलीतील लस मिळाली होती. सुमारे आठवड्यानंतर त्या 19 जणांत धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली, व ते एकोणीसही दगावले. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांस काहीही झाले नाही.

चौकशी बसली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स हे तिचे प्रमुख होते. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथेच, ती दूषित झाली असावी असा निर्णय झाला, आणि हाफकीन यांस कामावरून दूर करण्यात आले. परंतु ह्याच चौकशीच्या कागदपत्रांत एक लहानशी हकीकत नमूद होती. मुलकोवाल येथे बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात खळबळून घेतला व त्यानेच बूच उघडले. धनुर्वाताचे बीज मातीत असते, आणि कार्बोलिकच्या पाण्यात क्षणभर बुडविल्याने ते मरत नाही. त्यास ज्योतीची धग हवी.

सर रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हा मुद्दा उचलून धरला. ती बाटली भरून कित्येक आठवडे झाले होते. इतके दिवस तीत धनुर्वाताचे जंतू वाढत असते, तर तिला दुर्गंध आला असता; उघडणाऱ्या डॉक्टरास तर तसा वास आला नव्हता. शिवाय लक्षणे इतकी उशिरा दिसली, ह्यावरून थोडेसे बीज ताजेच आत गेले असावे. जुलै 1907 मध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकीन निर्दोष ठरले. ते कलकत्त्यास परत आले. पण पूर्वीचे कार्य त्यांच्या हाती पुन्हा आले नाही. 1914 साली ते निवृत्त झाले व 1930 साली स्वित्झर्लंडात वारले.

येथपर्यंतची कथा एका थोर पुरुषावरील अन्यायाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु आमच्या मते तीत याहून मोठा प्रश्न दडला आहे. पाच वर्षे वाद झाला तो परळ दोषी की मुलकोवाल, ह्याविषयी. त्या मदतनिसास चिमटा का जाळावयाचा हे कोणी शिकविले होते काय, ह्या प्रश्नावरून कोणाची नोकरी गेली नाही. त्याने बेफिकिरी केली असेही म्हणवत नाही. पडलेला चिमटा त्याने धुतला, तोही औषधाच्या पाण्यात! त्यास कृती ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. जेथे कृती पाठ असते व कारण अज्ञात असते, तेथे नेहमीचे काम नेहमीप्रमाणे चालते; पण चिमटा जमिनीवर पडला की विद्या संपते. लस लक्षावधींसाठी करावयाची ठरली तेव्हा चंबू वाढले, बाटल्या वाढल्या. माणसे घडविण्याची व्यवस्था त्या प्रमाणात वाढली नाही. घाई यंत्रास सोसते, शिक्षणास सोसत नाही.

परळच्या संस्थेने पुढे हा धडा विसरला नाही, असे तिच्या इतिहासावरून दिसते. 1905 नंतर तेथेच प्लेग, उंदीर व पिसू यांच्या संबंधाचे प्रसिद्ध संशोधन झाले. 1925 साली तिला हाफकीन यांचे नाव मिळाले. 1932 साली साहिब सिंग सोखी हे तिचे पहिले हिंदी संचालक झाले. पुढे लसनिर्मितीचे काम स्वतंत्र महामंडळाकडे गेले. मूळ संस्थेच्या आजच्या नावात प्रशिक्षण, संशोधन व चाचणी असे तीन शब्द आहेत, आणि त्यांत प्रशिक्षण पहिले आहे. हा क्रम कोणी हेतुपूर्वक लावला की सहज लागला, कसेही असो. आम्हांस तो यथार्थ वाटतो.

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत मुलगा किंवा मुलगी जीवशास्त्राकडे वळली की, ती डॉक्टर होणार काय, हा एकच प्रश्न विचारला जातो. नाही म्हटले, तर उरलेल्या वाटा दुय्यम समजल्या जातात. प्रयोगशाळेत नमुने तपासणारा, लशीची शुद्धता पाहणारा, प्राणी सांभाळणारा, उपकरणे निर्जंतुक करणारा, ह्यांच्या व्यवसायास प्रतिष्ठा नाही. परंतु आपल्या मुलांच्या दंडात जी सुई शिरते, तिच्या मागे हीच माणसे उभी असतात. त्यांचे शिक्षण स्वस्तात उरकावे, त्यांस कृती शिकवावी व कारण शिकवू नये, असे जो समाज म्हणेल, त्याने मुलकोवालच्या त्या एकोणीस जणांची आठवण ठेवावी. त्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत. निदान त्यांच्या मरणाचा अर्थ तरी आपण जपला पाहिजे.