पांझरा खोरे

पांझरा खोरे : खानदेशातील तापी नदीच्या पांझरा या दक्षिणेकडील उपनदीचे खोरे. धुळे जिल्ह्यातील साक्री व धुळे तालुक्यांचा बहुतेक भाग, शिंदखेडे तालुक्याचा पूर्वभाग आणि जळगाव जिल्ह्याच्या अमळनेर तालुक्याची पश्चिम कड एवढा मुलूख या खोऱ्यात मोडतो. खोरे या नावाचा स्वतंत्र प्रशासकीय विभाग कोणत्याही राजवटीत नव्हता; तथापि एकाच प्रवाहावर एकाखाली एक बांधलेले बंधारे, त्यांवर अवलंबून असलेली गावे आणि त्या गावांचे परस्परांशी पाण्याच्या हक्काने जुळलेले संबंध यांमुळे हा प्रदेश एक घटक म्हणून अभ्यासणेच युक्त ठरते.

भूवर्णन : साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात, पिंपळनेरच्या पलीकडील सह्याद्रीच्या फाट्यांत पांझरा उगम पावते व पिंपळनेर, दातर्ती, नेर, कुसुंबे या गावांवरून सामान्यतः पूर्वेस वाहत धुळे शहरात येते. शहर ओलांडल्यावर काही अंतराने तिचा प्रवाह उत्तरेकडे वळतो आणि शिंदखेडे व अमळनेर तालुक्यांच्या सीमाप्रदेशातून जाऊन मुडावद येथे ती तापीस मिळते. या संगमावरील कपिलेश्वराचे देवालय खानदेशात प्रसिद्ध आहे. साक्री गावाजवळून वाहणारी कान ही तिची मुख्य उपनदी असून पिंपळनेर भागातील जामखेली ही दुसरी होय. दक्षिणेस गाळण्याच्या डोंगररांगेने हे खोरे मोसम व गिरणा यांच्या खोऱ्यांपासून अलग झाले आहे. उत्तरेस बुराई नदीचे खोरे लागते.

भूस्तर दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा आहे. परंतु या बेसाल्टात उभ्या घुसलेल्या भित्ती हे या खोऱ्याचे खरे भूवैशिष्ट्य होय. पूर्व-पश्चिम धावणाऱ्या या भित्तींची येथील गर्दी भूशास्त्रज्ञांच्या दीर्घ अभ्यासाचा विषय झाली असून साक्री, धुळे व पारोळा यांच्या रोखाने गेलेली एक भित्ती सत्तर किलोमीटरांहून अधिक लांब आहे. भोवतालचा मऊ खडक झिजून गेल्यामुळे यांतील अनेक भित्ती तटबंदीसारख्या उभ्या राहिल्या आहेत व माळावरून जाणाऱ्या प्रवाशास त्या मनुष्यनिर्मित वाटाव्यात इतक्या सरळ आहेत.

पश्चिमेकडील डोंगराळ भागात पाऊस बरा पडतो. पूर्वेकडे तो उतरत जातो व धुळ्याच्या आसपास वर्षाची सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटरच्या दरम्यान राहते. पूर्वभाग अवर्षणप्रवण आहे. नदीला मात्र डोंगरातील पाझरांचा आधार असल्यामुळे पावसाळा संपल्यावरही तिचा प्रवाह पूर्वी बराच काळ टिकून राही, आणि पुढे वर्णिलेली पाटबंधाऱ्यांची व्यवस्था या एका गोष्टीवर उभी राहिली.

इतिहास : कान नदीच्या काठी कावठे येथे १९८०–९० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. त्यात सावळदा संस्कृतीची, म्हणजे इ. स. पू. २००० च्या सुमाराची वसती उजेडात आली असून जमिनीत खोल खणलेल्या खड्ड्यांवर छप्पर घालून राहणाऱ्या, शेती व पशुपालन करणाऱ्या लोकांची ती वसती होती. नदीकाठच्या या भूमीवर माणूस किती पूर्वीपासून स्थिरावू पाहत होता याचा हा सर्वांत जुना भरवशाचा पुरावा होय. त्यानंतरच्या काळाविषयी आभीर व यादव राजवटींचा उल्लेख करून पुढे जावे लागते. साक्री तालुक्यातील बळसाणे येथील मध्ययुगीन देवालये आणि भामेरचा डोंगरी किल्ला ही त्या जुन्या वैभवाची चिन्हे होत. ती खोऱ्याच्या उत्तर सीमेपलीकडे पडतात.

इ. स. १३७० च्या सुमारास फीरोजशाह तुघलकाकडून मलिक राजा यास थाळनेरचा प्रदेश मिळाला व फारुकी घराण्याचा खानदेशात उदय झाला. त्याचा पुत्र नासीरखान याने बुऱ्हाणपूर वसविले. तथापि बहमनी सैन्याकडून पराभव झाल्यावर त्याने आश्रय घेतला तो धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्याचा, आणि १४३७ मध्ये तो मृत्यू पावला. १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती पडल्यावर खानदेश हा मोगलांचा सुभा झाला. १७५२ च्या भालकीच्या तहाने निजामाकडील खानदेशाचा मोठा भाग मराठ्यांकडे आला.

१८०२ ते १८०४ ही वर्षे या खोऱ्याच्या स्मृतीत काळी वर्षे आहेत. होळकरांच्या फौजांनी केलेली लूट, तिच्या पाठोपाठ १८०३ चा घोर दुष्काळ आणि त्यामुळे रयतेची झालेली पांगापांग यांत धुळे हे गाव पूर्णतः ओस पडले. लळिंग व सोनगीर हे परगणे त्या वेळी पेशव्यांकडून विंचूरकरांकडे होते. त्यांचा आश्रित बाळाजी बळवंत याने दुसऱ्या वर्षी गाव पुन्हा वसविले व त्याबद्दल विंचूरकरांकडून त्यास इनाम जमीन व अन्य हक्क मिळाले. पुढे दोन्ही परगण्यांचा कारभार त्याच्याकडे सोपविण्यात आला व इंग्रजी अंमल येईपर्यंत तो धुळ्यास राहून ते काम पाहत असे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली. जिल्ह्याच्या साधारण मध्यावर व आग्रा रस्त्यावर असलेल्या या गावात १८१९ पासून कचेऱ्यांची बांधणी सुरू झाली, दूरदूरचे कारागीर व व्यापारी आणून वसविले गेले आणि जुन्या गावाशेजारी आखीव पेठ उभी राहिली. त्याच काळात भिल्लांचे बंड मोडण्यासाठी लष्करी मोहिमा झाल्या व १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने खानदेश भिल्ल पलटण उभारली. डोंगरातील आपले जुने हक्क गमावलेल्या जमातीच्या बाजूने या घटनांचा विचार होणे अद्याप आवश्यक आहे. १८७२ च्या महापुरात धुळ्यातील घरांची व मालमत्तेची मोठी हानी झाली.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले. पांझरेचे बहुतेक खोरे पश्चिम खानदेशात राहिले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर या जिल्ह्यांना जळगाव व धुळे ही नावे रूढ झाली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला.

फड पद्धती : खानदेशातील पांझरा व तिच्या उपनद्या आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम व गिरणा यांच्या काठी रूढ असलेली सामुदायिक सिंचनाची ही पद्धती म्हणजे या खोऱ्याने महाराष्ट्राला दिलेली सर्वांत मोठी देणगी होय. तिचा आरंभकाल वादग्रस्त आहे. बंधारे मुसलमानी अमदानीत बांधले गेले असे स्थानिक परंपरा सांगते व काही लेखक त्यांचा संबंध फारुकींशी जोडतात. ही पद्धती निदान तीनचारशे वर्षांची जुनी आहे याविषयी मात्र सामान्यतः एकमत आहे.

नदीच्या पात्रात दगडचुन्याचा पक्का बंधारा घालून पाण्याची पातळी थोडी उंचावावयाची, एका काठाने पाट काढावयाचा आणि गुरुत्वाने जेवढी जमीन भिजेल तेवढीच लागवडीस घ्यावयाची, असे या रचनेचे मूळ सूत्र आहे. पाटाखालील सबंध भिजणाऱ्या क्षेत्रास थळ म्हणतात. पाटापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून शेतात पाणी नेणारे सारंग आणि उरलेले पाणी पुन्हा नदीत सोडणारा सांडवा अशी तिची अंगे आहेत. साठवण अशी नाहीच; वाहत्या पाण्याचा वाटा तेवढा उचलला जातो, आणि म्हणून वरच्या गावाने घेतलेले पाणी झिरपून व सांडव्याने परत येऊन खालच्या गावाच्या बंधाऱ्यास मिळते.

थळाचे तीन किंवा चार मोठे तुकडे पाडलेले असतात. त्यांतील प्रत्येक तुकडा म्हणजे फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे हा नियम आहे: एकात ऊस, दुसऱ्यात खरिपाचे पीक, तिसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखे रब्बीचे पीक, आणि चौथा पडीक, पुढील वर्षी पिकांची पाळी फिरते. शेतकऱ्याची जमीन सामान्यतः प्रत्येक फडात थोडथोडी असल्यामुळे उसाचा लाभ आणि पडीक ठेवण्याचा तोटा हे दोन्ही सर्वांच्या वाट्यास सारखेच येतात. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी पंच बसून कोणता फड भिजवावयाचा व कोणता सोडावयाचा हे ठरवितात, आणि तो निर्णय थोर-लहान सर्वांवर बंधनकारक असतो. एकाची जमीन भिजावी व शेजाऱ्याची सुकावी असा प्रसंग या व्यवस्थेत नियमानेच टळतो. तिच्याइतकी न्याय्य पाणीवाटप-व्यवस्था महाराष्ट्रात सरकारी कालव्यांवर आजवर क्वचितच साधली आहे.

दैनंदिन कामासाठी गावाचे नोकर असत. पाटकरी पाटाचे पाणी सोडी व फिरवी. बारेकरी शेतोशेती पाणी देई. जागल्या पिकांची राखण करी. या सर्वांवर हवालदाराची देखरेख असे. त्यांचा मेहनताना पूर्वी धान्यरूपाने मिळे. स्वतःच्या हाताने पाणी वळविण्यास जमीनधारकास मनाई होती, हा नियम वरवर पाहता कठोर वाटला तरी भांडणाचे मूळच त्याने नाहीसे केले होते. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढणे व बंधाऱ्याची डागडुजी करणे ही कामे जमिनीच्या प्रमाणात सर्वांनी श्रम देऊन करावयाची असत.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या कामांपैकी एक याच खोऱ्यात होते. साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरेच्या एका पाटाचे पाणी नळांच्या वक्रनलिकेने प्रवाहापलीकडे न्यावयाचे होते. पावसाळ्यातील पुरांच्या अडथळ्यांतून त्यांनी ते पुरे केले व आपल्या आठवणींतही त्याचा उल्लेख केला. विसाव्या शतकाच्या आरंभी याच विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर गटवार पिकांची व फिरत्या पाळीची जी पद्धती सुरू केली, तिचे फडाशी असलेले साम्य लक्षणीय आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात पांझरेवर लाटीपाडा, कानेवर मालनगाव, जामखेलीवर जामखेली आणि पुढे पांझरेवरच अक्कलपाडा अशी धरणे झाली. त्यांनी साठवणीची सोय झाली. परंतु प्रवाहाचे नियंत्रण गावाच्या पंचांकडून खात्याकडे गेले. त्यातच विजेचे पंप व विहिरी वाढल्या. ज्याच्यापाशी स्वतःचे पाणी आहे त्यास फडाचे पीकबंधन पाळण्याचे कारण उरले नाही. अनेक थळे मोडली, काही गावांत पाळी अजून चालते. व्यवस्थेतील दोषांमुळे ती मोडली असे म्हणणे यथार्थ नव्हे. ज्या वाहत्या नदीवर ती उभी होती ती नदीच बदलली.

शेती व उद्योग : पाटस्थळ जमिनीत ऊस, गहू, हरभरा व कांदा, पिंपळनेरकडे भात, जिरायतीत कापूस, बाजरी, ज्वारी व भुईमूग. भाडणे येथील पांझरा-कान सहकारी साखर कारखाना दीर्घ काळ बंद राहिला. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ख्यात. साक्री तालुक्याच्या पठारांवर ब्राह्मणवेल येथे पवनऊर्जेचा व शिवाजीनगर येथे सौरऊर्जेचा मोठा प्रकल्प आहे. याच तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने राखलेले जंगल विशेष उल्लेखनीय होय.

दळणवळण : मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यावरून जातो, चाळीसगाव-धुळे लोहमार्ग १९०० मध्ये सुरू झाला.

लोक व लोकसंख्या : १८१९ मध्ये धुळ्यात ४०१ घरे व २,५०९ माणसे होती. २०११ च्या जनगणनेत हीच संख्या ३,७५,५५९ झाली असून सबंध धुळे जिल्ह्याची लोकसंख्या २०,५०,८६२ भरली. जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण एकतृतीयांशाच्या जवळपास आहे व साक्रीच्या पश्चिम भागात भिल्ल, कोकणा व मावची यांची वस्ती दाट आहे. नदीकाठच्या गावांत मराठा-कुणबी, माळी इत्यादी शेतकरी समाज प्रमुख आहेत. घरची बोली बहुतांशी अहिराणी. ऊसतोडीसाठी व मजुरीसाठी गुजरातेत व इतरत्र होणारे हंगामी स्थलांतर मोठे आहे.

धुळे शहर : नदीच्या उत्तर तीरावर देवपूर व तेथेच एकवीरा देवीचे देवालय. शहरास नकाणे व डेडरगाव तलावांतून पाणी मिळते. समर्थ वाङ्मयाचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव यांनी येथे समर्थ वाग्देवता मंदिर उभारले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच निधन झाले व त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. १९३२ मध्ये धुळे तुरुंगात विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली.

संशोधनाची दिशा : फड पद्धतीविषयी आजवर झालेले लेखन मुख्यतः अभियंत्यांचे व शासकीय अहवालांचे आहे. पाण्याची पाळी स्वतः ठरविलेले वृद्ध शेतकरी व पाटकरी साक्री आणि धुळे तालुक्यांत आजही भेटतात. त्यांच्या तोंडचे नियम, पिकांचे क्रम व थळांच्या सीमा गावनिहाय टिपून घेण्याचे काम राजवाडे मंडळाने व जळगावच्या विद्यापीठाने विनाविलंब हाती घ्यावे.