१४. लाओकोऑन

ट्रॉयचा पुरोहित. ग्रीकांचा लाकडी घोडा नगरात घेऊ नका, असे त्याने बजावले. पुढे समुद्रातून आलेल्या दोन सर्पांनी त्याला व त्याच्या मुलांना विळखा घातला. त्याच्यावरील सोफोक्लीसच्या शोकांतिकेचे दुर्दैवाने तुकडेच उरले आहेत.

या प्रसंगाचे संगमरवरी शिल्प १५०६ साली रोममधील एका द्राक्षमळ्यात सापडले. आता ते व्हॅटिकनमध्ये आहे. रोमन लेखक प्लिनी त्याचे श्रेय ऱ्होड्सच्या तीन शिल्पकारांना देतो. मरणयातनेतही लाओकोऑनचे तोंड अर्धेच उघडे आहे. जर्मन समीक्षक लेसिंगने १७६६ च्या ग्रंथात यावर मोठा मार्मिक विचार मांडला: सोफोक्लीसचा फिलोक्टेटीस रंगमंचावर मोकळेपणी किंचाळतो, कारण नाटकातली किंकाळी सरते; दगडात ती गोठून राहिली असती.