घरच्या लॅपटॉपवर विंडोजसोबत लिनक्स: ड्युअल बूट करण्याआधी हे वाचा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सात-आठ वर्षं जुने बरेच लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. पण म्हणून तो भंगारात काढायची गरज नाही. विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स टाकता येतं, यालाच ड्युअल बूट म्हणतात. लिनक्स तसं अनोळखीही नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये त्याचाच कर्नल आहे.

अडचण वेगळीच आहे. घरात लॅपटॉप एकच. बाबांचे सातबारे, ताईचं प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, सगळं त्यातच. म्हणून पहिल्याच दिवशी इन्स्टॉल करू नका, आधी 'लाइव्ह' चालवून पाहा.

त्यासाठी ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि लिनक्स मिंटची आयएसओ फाइल लागते. फाइल साधारण ३ जीबीची आहे, म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर एका दिवसात उतरत नाही. नांदगाव पेठेतून अमरावतीला कॉलेजला जात असाल तर तिथल्या वायफायवर उतरवा. रुफस या सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर चढवा, लॅपटॉप सुरू होताना एफ१२ (एचपीत एफ९) दाबा आणि पेनड्राइव्ह निवडा. मिंट त्यावरूनच चालतं, डिस्कला हात लागत नाही. आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासा. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा.

भारतीय पर्याय हवा असेल तर सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे. नवख्याला मी मात्र मिंटच सांगेन, अडलं की उत्तर लवकर सापडतं. कोरल ड्रॉ किंवा टॅलीवर काम असेल तर ते विंडोजमध्येच राहू द्या.

आठवडाभर जमलं, तरच इन्स्टॉल करा. आधी फाइल्सची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग बिटलॉकर चालू आहे का बघा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. ती नसेल आणि विंडोजने मागितली, तर तुमच्याच फाइल्स तुम्हाला उघडणार नाहीत. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हमधून ४० जीबी तरी मोकळे करा. इन्स्टॉल करताना 'विंडोजच्या शेजारी' हाच पर्याय निवडा. 'इरेज डिस्क' म्हणजे सगळं साफ! आणि चार्जर लावलेला हवा, डेस्कटॉपला यूपीएस. नांदगाव पेठेत १३५० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे खरा, पण लाइन जायची तेव्हा जातेच.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स आतलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज ते स्थानिक वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये एका कमांडने हे जुळतं.

लिनक्स काढायचं झालं तर विंडोजमधून त्याचं पार्टिशन थेट उडवू नका, लॅपटॉप काळ्या स्क्रीनवर अडकू शकतो. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आणा, मग पार्टिशन काढा.