खुलताबाद आणि पितरांचा पंधरवडा

पावसाळा सरून शरदाचें ऊन पडूं लागलें, कीं भाद्रपदाच्या वद्य पक्षांत महाराष्ट्रांतील घराघरांवर एक प्रकारची स्तब्धता येते. लग्नाचीं बोलणीं थांबतात, नवी खरेदी पुढें ढकलली जाते, आणि अमावास्येच्या तिन्हीसांजेस मुलांना पिंपळाखालून जाऊं देत नाहींत. मुंज्या, हडळ, खवीस ही सारी मंडळी या दिवसांत विशेष जागी असते, असा समज आहे. मुंज्या म्हणे ब्राह्मणाच्या मुलाचा आणि खवीस मुसलमानाचा. मेल्यावरही जातीचा दाखला सुटूं नये, हें नवलच! शहरांतून तर अलीकडे ३१ ऑक्टोबरला मुखवटे चढवून भोपळ्याचे दिवे लावण्याची पाश्चात्त्य हौसही आली आहे. पण या भयाचें मूळ शोधूं गेल्यास हातीं भूत लागत नाहीं. लागतें तें जेवणाचें पान.

पाश्चात्त्यांच्या त्या सणाचा उगम आयर्लंडांतील प्राचीन केल्टिक लोकांच्या हिंवाळ्याच्या आरंभींच्या उत्सवांत शोधितात. ख्रिस्ती धर्मानें पुढें १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस मानिला, दुसऱ्या दिवसाचा प्रघात फ्रान्समधील क्लूनी येथील मठाधिपति ओडिलो (मृत्यु इ. स. १०४९) याच्यापासून पडला. इंग्लंडांत त्या सुमारास गोरगरीब दारोदार फिरून घरच्या मृतांसाठीं प्रार्थना करीत, आणि त्यांच्या हातावर गोड भाकरी पडे.

आपल्याकडील विचार याहून अधिक रेखीव आहे. मृत मनुष्य प्रथम प्रेत असतो. सपिंडीकरण झालें म्हणजे तो पितर होतो. अर्थात् भूत आणि पितर या दोन निरनिराळ्या जाती नव्हेत. ज्याचें कोणीं केलें नाहीं तो भूत, आणि ज्याला कोणीं आठवणीनें घांस वाढला तो पितर, एवढाच दोहोंमधला भेद. म्हणूनच पंधरवड्याची मांडणी अशी, कीं कोणी उपाशी राहूं नये. सवाष्ण गेलेल्या स्त्रियांना अविधवा नवमी. शस्त्रानें मेलेल्यांना चतुर्दशी. आणि ज्यांची तिथि ठाऊक नाहीं, अशा सर्वांना सर्वपित्री अमावास्या. तांदळाची खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी असें पान मांडून कावळ्याची वाट पाहावयाची. याहून मोठी गोष्ट तर्पणांत आहे. आपल्या कुळाचे पितर झाल्यावर, ज्यांना पाणी द्यावयास कोणी उरलें नाहीं, जे या जन्मीं आपले नव्हते, अशांसाठींही ओंजळ सोडावयाची असते. परक्यांचे मृतही आपल्या पंक्तीस बसतात.

मृतांची अशीच राखण करीत आलेलें एक गांव मराठवाड्यांत आहे. दौलताबादहून वेरुळास जातांना घाटमाथ्यावर खुलताबाद लागतें. याचें जुनें नांव रौझा, म्हणजे बाग किंवा समाधिस्थान. महंमद तुघलकानें इ. स. १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हां दिल्लीकडील सूफी मंडळी इकडे आली. त्यांपैकीं बुऱ्हाणुद्दीन गरीब हे १३३७ सालीं व त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराजी १३६९ सालीं वारले. दोघांचे दर्गे येथेंच आहेत. संतांच्या सावलींत निजावें, या इच्छेनें मागून राजे आले. १६२६ सालीं वारलेला मलिक अंबर येथें आहे; १७४८ सालीं बुऱ्हाणपुरास मरण पावलेला पहिला निजाम येथेंच आणिला गेला. घरें, दुकानें, कबरी सारें शेजारीं शेजारीं. त्यांतच निजलेल्या हनुमंताचें भद्रा मारुतीचें देऊळ, आणि श्रावणांत शनिवारीं त्याकडे पायीं येणारी गर्दी. कबरींच्या अंगणांत लहान मुलें खेळतात. त्यांना कोणी खविसाची भीति घालीत नाहीं.

मुसलमानांची मृतांची रात्र म्हणजे शबे-बरात, शाबान महिन्याची पंधरावी. त्या रात्रीं कबरस्तानांत दिवे लागतात, घरीं हलवा शिजतो, गेलेल्यांच्या नांवें फातेहा होते. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं लहान. त्यामुळें ही रात्र सुमारें ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. आपला पितृपक्ष मात्र अधिक मासाच्या आधारानें शरदाला धरून राहतो. पंचांगें निराळीं, पण अन्न आणि दिवा दोन्हीकडे आहे.

येथील सर्वांत वादग्रस्त कबर औरंगजेबाची. तो १७०७ सालीं अहमदनगरजवळ वारला. झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारांत, त्याच्याच इच्छेनें, उघड्या आकाशाखालीं त्याला पुरलें. वर घुमट नाहीं. मातींत सबजाचें रोप असतें. संगमरवरी जाळी पुष्कळ मागाहूनची. त्याच्या मरणोत्तर 'खुल्द-मकान' या पदवीवरूनच गांवास आजचें नांव पडलें. ही कबर काढून टाकावी, अशी मागणी मार्च २०२५ मध्यें जोरानें झाली, आणि कबरीभोंवतीं पोलिसांचा पहारा बसला. मागणीमागचा राग समजण्यासारखा आहे. छत्रपति संभाजीमहाराजांस याच बादशहानें ११ मार्च १६८९ रोजीं हाल करून मारविलें.

परंतु ज्याला त्या रागाचा सर्वांत मोठा अधिकार होता, त्याची हकीकत विसरतां येत नाहीं. संभाजीमहाराजांचे पुत्र शाहू लहानपणींच रायगडावर कैद झाले आणि सतरा-अठरा वर्षें मोंगलांच्या छावणींत वाढले. बादशहा वारल्यावर १७०७ सालीं त्यांची सुटका झाली. इकडे येतांना ते पायीं चालत खुलताबादेस या कबरीवर गेले, असें इतिहासकार लिहितात. खालीं अगदीं जवळ वेरूळ, भोसल्यांचें मूळ गांव. तेथून ते पुढें निघाले, आणि १७०८ च्या जानेवारींत सातारा येथें त्यांचा राज्याभिषेक झाला.