अंबरनाथवरून गेलेलं भाषण

डिसेंबर 1915. तुम्ही अंबरनाथच्या शिवमंदिराशी उभे आहात. मंदिर आताच साडेआठशे वर्षांचं आहे. शके 982चा, म्हणजे 1060 सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. शेजारच्या वालधुनीचं पाणी नितळ आहे. विश्वास बसत नाही म्हणून तुम्ही ओंजळ भरून पाहता.

उल्हासनगर शोधू नका. लष्करी छावणी उभी राहायला दुसरं महायुद्ध यावं लागेल, तिथे सिंधी कुटुंबं यायला फाळणी, आणि हे नाव पडायला 1949 उजाडेल. तिथलं चांदीबाई कॉलेज तर 1965चं. आज बदलापूरच्या एखाद्या पोराला कॉलेजात जायचंच असेल, तर एक मुंबई, नाहीतर पुणं. पोरीचा विषयच कोणी काढत नाही.

बदलापूरकडून शिटी येते. बोरघाट उतरून आलेली पुण्याची गाडी, वाफेवरची. तिसऱ्या वर्गात चढा आणि खिडकी टाळा, डोळ्यांत कोळशाची कुसळं जातात. समोर धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे बसले आहेत असं समजा. पुण्याहून मुंबईला जायचं म्हणजे याच रुळांवरून. वय 57, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून गेल्याच वर्षी निवृत्त. विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडकरांनी टाकलेला माणूस, आणि आता राष्ट्रीय सामाजिक परिषदेचा अध्यक्ष. फर्डा वक्ता म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही. हातात एक पुस्तिका आहे: टोकियोत 1901 साली निघालेल्या महिला विद्यापीठाची माहिती. टपालाने आली तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवून दिली होती. अध्यक्षीय भाषणाची वेळ आली, तेव्हा ती पुन्हा उघडली.

मुंबईत मंडप भरलेला आहे. माईक नाही, पुढे सरकून बसा. अण्णा बोलतात ते साधं आणि मुद्द्याचं. स्त्रियांसाठी वेगळं विद्यापीठ हवं. शिकवायचं मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून. आणि अभ्यासक्रम असा, की बहुतेक मुली पुढे घर सांभाळणार हे धरूनच आखलेला.

हा शेवटचा मुद्दा तुम्हाला टोचतो ना? टोचू दे. पुरुषांना जी पदवी तीच बायकांना का नको, हा सवाल त्या काळातही झाला आणि तो रास्तच होता. मला पेपर तपासायला दिला, तर मातृभाषेच्या मुद्द्याला पैकीच्या पैकी, अभ्यासक्रमाच्या मुद्द्याला जेमतेम पास. मुलीला तिच्या भाषेत कठीण विषय कळतो, हे ज्या माणसाला दिसलं, त्यालाच ती त्या विषयाचं पुढे काय करील हे आधीच ठाऊक असल्यासारखं का वाटावं?

टाळ्या होतात. परिषदेत त्या होतातच. आता परतीच्या गाडीत बसा आणि थेट 1916च्या मध्यावर उतरा. पुण्याजवळ हिंगण्याला विद्यापीठ सुरू झालंय. कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, विद्यार्थिनी पाच. सरकारची मान्यता नाही, त्यामुळे पदवी घेऊन नोकरी मागायला गेलेल्या मुलीला दारातच प्रश्न: हे कुठलं विद्यापीठ? भाषण करून सहा-सात महिन्यांत विद्यापीठ उभं करणारा वक्ता मला तरी दुसरा आठवत नाही. अण्णा गावोगाव फिरून वर्गणी गोळा करतात. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसी 15 लाख देतात आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागतं. कायद्याने मान्यता मात्र 1951ची.

आणखी एक उडी, 1929. अण्णा 71 वर्षांचे. जिनिव्हाला शिक्षणतज्ज्ञांच्या परिषदेत ते भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगावर बोलतात, मग डेन्मार्कमधल्या दुसऱ्या परिषदेला हजेरी लावतात. पुढे अमेरिका आणि शेवटी टोकियो. जे विद्यापीठ चौदा वर्षांपूर्वी कागदावर वाचलं, ते आता डोळ्यांनी पाहायचं.

एप्रिल 1930मध्ये ते परततात. दख्खनची राणी ही गाडी सुरू व्हायला अजून दीड-दोन महिने आहेत. अंबरनाथला काडेपेट्यांचा कारखाना आलाय. अण्णांचा मुक्काम थोडाच. विद्यापीठाला पैसे हवेतच आणि वर्ष सरायच्या आत ते पुन्हा निघणार आहेत, या खेपेला आफ्रिकेला.